ऐकणाऱ्यांची तालीम

मास्तरांनी तुमच्या आजोबांना नापास केलं आणि मला पास केलं, त्या दिवसापासून आमच्या घरातलं पारडं थोडं माझ्या बाजूला झुकलं ते कायमचंच.

परीक्षा ऐकण्याची होती. डोंबिवलीला आम्ही राहायचो त्याच्या मागच्या गल्लीत एका इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत, आम्हा दोघांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. एका बाजूला पाण्याचा पंप, दुसऱ्या बाजूला जिना. समोर सतरंजीवर मास्तरांची एक विद्यार्थिनी गात होती. मास्तर तिच्याकडे पाहतच नव्हते. डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगून पाहतात, तसे ते आमच्याकडे पाहत होते. आजोबांनी सुरुवातीलाच माझ्या कानाशी वाकून रागाचं नाव सांगितलं. मग मांडीवर ताल धरला. मग डोळे मिटून मान डोलावली, आणि मास्तरांचं आपल्याकडे लक्ष आहे ना हे अधूनमधून एक डोळा उघडून पाहून घेतलं. मला राग कळत नव्हता आणि तालही कळत नव्हता. मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे आम्ही पियानोभोवती उभं राहून प्रार्थना म्हणायचो, तेवढंच माझं संगीत. मी नुसती बसले होते.

गाणं संपल्यावर मास्तर आजोबांना म्हणाले, "साहेब, तुम्हाला माहिती फार आहे. ती जरा कमी करून या, मग बघू." माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही या रविवारपासून."

"पण मला गाण्यातलं काहीच कळत नाही," मी म्हटलं.

"ते बघितलं मी. ती थांबली तेव्हा तुम्हीपण थांबलात. बाकीचं कळून काय करायचंय?"

आजोबा जिन्यापर्यंत आले. मग म्हणाले, "ज्याच्या घरी कॅसेटींचं अख्खं कपाट आहे, त्याला हा माणूस माहिती कमी करून यायला सांगतो."

सई, मागच्या महिन्यात तू व्हिडिओ कॉलवर आम्हाला व्हायोलिन वाजवून दाखवलंस आणि नंतर आईला विचारलंस की आजीला माझं वाजवणं आवडत नाही का, ती कधीच छान म्हणत नाही. तुझ्या आईने ते मला सांगितलं. याचं उत्तर मला फोनवर देता येईना. मास्तरांबद्दल सांगितल्याशिवाय ते देताच येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. निहार, तूही वाच. यात तुझे आजोबा पुष्कळदा येतात आणि बहुतेक वेळा त्यांची फजिती होते. मराठी अडली तर आईला विचारा, तिला येतं सगळं.

मास्तर इथले मूळचे. आमच्यासारखी माणसं नोकरीमुळे डोंबिवलीत येऊन राहिली. त्यांच्या घराण्याची मात्र इथे भातशेती होती आणि आजोळी खाडीकाठी मिठागरं. त्यांची आई लग्नाघरी गाणी म्हणायला जायची. लहानपणी मास्तर तिच्या पदराला धरून जायचे आणि हळदीच्या मांडवात झोपायचे. पुढे कोणा गुरूंकडे त्यांची गाण्याची शिकवणी सुरू झाली, तेव्हा गावातल्या मंडळींनी बापाला विचारलं होतं, पोराचं डोकं ठीक आहे ना. शेतावर इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरने त्यांना घरं दिली आणि खाली गाड्यांच्या जागा दिल्या. मास्तरांकडे सायकलसुद्धा नव्हती. पण त्यांनी सगळ्या जागा एकाला एक लागून मागून घेतल्या, खाली लादी घातली, आणि खांबाला एक पाटी लावली: ऐकणाऱ्यांचं मंडळ.

लोकांना वाटायचं पाटी रंगवणारा चुकला असावा. हे तर गायनाचे मास्तर, त्यांच्याकडे पोरं गाणं शिकतात, मग मंडळ गाणाऱ्यांचं हवं. कोणी असं म्हटलं की मास्तर त्याला खुर्ची द्यायचे आणि समजावून सांगायचे. "गाणारी पोरं आहेत माझ्याकडे. विठ्ठलवाडीपासून मानपाड्यापर्यंत पोरं आहेत. गळे चांगले आहेत. ती गाणार कोणासमोर? आईसमोर? आई काय, कौतुकच करणार. परीक्षकासमोर? तो मार्क देणार. मार्क नाहीत आणि कौतुक नाही, नुसतं ऐकतंय, असं माणूस कुठे मिळतं त्यांना? ते मी गोळा करतोय."

आणि ते खरोखर दारोदार जाऊन गोळा करायचे. कोण कसं ऐकतं यावर त्यांचा डोळा असायचा. भाजीवालीशी घासाघीस न करता तिचं बोलणं पुरतं ऐकून घेणारी एक नर्स त्यांनी बाजारातून उचलून आणली होती. एक निवृत्त तिकीट तपासनीस होते, त्यांना मास्तरांनी निवडलं कारण ते सबबी शेवटपर्यंत ऐकून मग दंड करत. मोठमोठ्या गाण्याच्या जाणकारांना मात्र नापास करायचे, सरसकट.

मंडळाची पद्धत अशी होती. प्रत्येक शिकणाऱ्या मुलामुलीला काही घरं नेमून दिलेली असत. आठवड्यातून एकदा त्या मुलाने नेमलेल्या एका घरी जायचं आणि गायचं. घरच्यांनी पंखा बंद करून समोर बसायचं. मुलाच्या आईबापांनी त्या खोलीत थांबायचं नाही. मधे "वा" म्हणायचं नाही, चुकलं तर सांगायचं नाही, खायला आधी द्यायचं नाही. सर्वांत कडक नियम टाळीचा. गाणारा स्वतः उठून उभा राहीपर्यंत हात जागचे हलवायचे नाहीत. मास्तर म्हणायचे, टाळी वाजवली की तुम्ही दार लावून घेता, आतल्या माणसाला अजून काही आणायचं असलं तर तो बाहेर कसा येणार? आणि गाणं झाल्यावर ऐकणाऱ्याने एकच वाक्य बोलायचं. "परत ये." त्यापुढे एक शब्द नाही.

मी आयुष्यभर कार्यालयात माणसांच्या कामावर शेरे लिहिले. समाधानकारक, असमाधानकारक, सुधारणेस वाव. मला हे एकच वाक्य म्हणायला किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

रविवारच्या बैठकीला आम्ही सगळे मंडळवाले खाली जमायचो. मास्तर आधीपासून कामाला लागलेले असायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ते खुर्च्यांच्या पायांना घालायचे, खुर्ची सरकली तर आवाज होऊ नये म्हणून. फाटकाच्या बिजागरीत तेल सोडायचे. पाण्याचा पंप तेवढा वेळ बंद, त्यामुळे अख्ख्या इमारतीला आधीच पाणी भरून ठेवावं लागे. यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. सेक्रेटरी तरुण होता, त्याने नवी मोठी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उन्हात उभी असे.

"मास्तर, किती गाड्यांची जागा अडवलीय तुम्ही, बघा तरी," तो म्हणायचा. "माझी रोज बाहेर तापते. पेंट उडायला लागलाय."

"माणसं तापत नाहीत ना? मग झालं."

"मीटिंगमध्ये विषय घेणार आहे मी."

"घे ना. मी येतो ऐकायला." आणि ते खरोखर जायचे, पहिल्या रांगेत बसायचे, आपल्याविरुद्धची सगळी भाषणं मन लावून ऐकायचे आणि शेवटी सेक्रेटरीला म्हणायचे, "परत ये." सेक्रेटरीला काय करावं कळायचं नाही.

मास्तर शुद्ध बोलायचे. शिकवताना तर एकेक अक्षर कोरल्यासारखं. पण चिडले की त्यांच्या आईची बोली वर यायची. कोणी मोबाइल बंद न करता बसलं तर म्हणायचे, "यो वाजला ना, तर खाडीत टाकीन. तुला पन आनि त्याला पन." सगळे हसायचे आणि खिशात हात घालून फोन तपासायचे.

आजोबांनी मग जिद्दीने माहिती कमी केली. कशी केली ते मला विचारू नका. काही महिने ते मंडळाच्या खुर्च्या लावायला येत, जिन्यावर बसून ऐकत, आणि ओठ दाबून धरत. एका रविवारी मास्तर जिन्याकडे बघून म्हणाले, "साहेब, इकरं बसा." आजोबा माझ्याशेजारी येऊन बसले. पदवी मिळाली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नसेल.

आमच्या घरी जी मुलगी गायला यायची ती प्रज्ञा. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायची, कॉलेजात होती. तिचे वडील मानपाड्याला केमिकल कंपनीत पाळीवर जायचे आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत गायचे. चांगला भरदार आवाज होता त्यांचा. तिला सोडायला यायचे, दारातच "जय भीम, ताई" म्हणायचे आणि नियमाप्रमाणे खाली जाऊन उभे राहायचे. मी चहाला वर बोलावलं तर म्हणायचे, "नको नको, मी इथेच. मास्तरांना कळलं तर माझीच परीक्षा घेतील."

प्रज्ञा बारीक चणीची, बोलायला लाजरी, पण हसायला लागली की थांबायची नाही. गायला बसली की मात्र वेगळीच कोणी व्हायची. मास्तरांनी आपल्या सगळ्या मुलांना एक गोष्ट शिकवली होती. खालून सूर चढवत आणायचे, आणि वरच्या षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा'च्या दाराशी येऊन थांबायचं. लगेच घ्यायचा नाही. तो येईल तेव्हा घ्यायचा. इतर मुलं थांबल्यासारखं करायची. प्रज्ञा खरंच थांबायची. आमच्या दिवाणखान्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागायची, खाली रिक्षा वळल्याचं कळायचं, आणि मला वाटायचं आता काही ही गात नाही. मग तो सूर यायचा. मुलांनो, मला शब्द सापडत नाहीत, आणि मास्तरांच्या शिकवणीमुळे शोधावेसेही वाटत नाहीत. कोणी अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा आणि लावणारा दिसूच नये, तसं काहीतरी.

मग ठाण्याचा कार्यक्रम आला. मंडळाने पहिल्यांदाच मोठं सभागृह घेतलं होतं. आमच्यासारखे मुरलेले श्रोते पहिल्या रांगांत आणि मागे पाहुणे, नातेवाईक, रस्त्यावरून आत आलेलेही. त्या दिवशी आईबापांनाही आत यायची सवलत होती. प्रज्ञाचे वडील पाळी बदलून आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तिची आई पदराचं टोक हातात धरून बसली होती.

प्रज्ञा सुरेख गात होती. वर चढत आली. वरच्या सा'च्या दाराशी थांबली.

रविवारी खाली पार्किंगमध्ये थांबते, त्याहून ती जास्त थांबली. मोठं सभागृह होतं, कदाचित तिथे सूर यायला वेळ लागत असेल. मागे कोणीतरी खोकलं. एक बाई कुजबुजली, "विसरली वाटतं बिचारी." ते आजोबांनी ऐकलं. त्यांचा या मुलीवर जीव होता. ती अडली आहे आणि तिला कोणी विसरली म्हणतंय, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी टाळी वाजवली. धीर देण्यासाठी, अगदी मायेने. मागच्या लोकांना वाटलं संपलं, त्यांनी उचलून धरली. मग पहिल्या रांगांनीही. मीही. सगळं सभागृह प्रेमाने, जोरजोरात टाळ्या वाजवत होतं.

प्रज्ञाने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. तानपुरा खाली ठेवला, नमस्कार केला आणि आत गेली.

आत मी गेले तेव्हा ती ओढणीची गाठ सोडवत बसली होती. म्हणाली, "आजी, मला वाटलं बस म्हणतायत. पुरे झालं म्हणतायत." मी समजावलं. तिने मान डोलावली. पण तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझं समजावणंही पोकळच होतं, कारण टाळी म्हणजे बस हे आम्हाला आमच्याच मंडळाने शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती आमच्याकडे आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिचे वडील रविवारी पार्किंगमध्ये आले. आम्ही सगळे बसलेले होतो. त्यांनी कोणाकडे न बघता मास्तरांना सांगितलं, "राहू दे मास्तर. पोरगी नको म्हणते. घरी पण गात नाही. गुणगुणत पण नाही. आधी भांडी घासताना तिचं चालू असायचं, आता नळाचाच आवाज येतो. मी काय बोललेलो नाय तिला. पण तिचा गळाच बसल्यासारखा झालाय."

आजोबा उभे राहिले. "माझी चूक आहे ती. मी सुरुवात केली."

मास्तरांनी त्यांना हाताने खाली बसवलं. ते ओरडतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते बराच वेळ सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग वडिलांना म्हणाले, "मी येतो तिच्याशी बोलायला. या ताई पण येतील."

विठ्ठलवाडीच्या त्यांच्या घरात आम्ही गेलो तेव्हा प्रज्ञा दाराच्या आत भिंतीला टेकून उभी होती. शेल्फवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचं एक जुनं बक्षीस होतं, ते तिने तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. मास्तर खुर्चीवर बसले नाहीत, तिच्यासमोर उभे राहिले.

"तू चुकलेली नाहीस," ते म्हणाले. "तू बरोबर थांबलीस. ऐकणारे कच्चे निघाले. तो माझा दोष. गाणारे तयार केले आणि ऐकणारे तयार झाले असं समजून सभागृह घेतलं. आता आमची तालीम सुरू करतोय. रविवारी."

"कसली तालीम?" ती हळूच म्हणाली.

"गप्प बसायची. तू समोर बसायचं आणि आम्ही ऐकायचा सराव करायचा."

"मास्तर, मी नाही गाणार."

"मी गा म्हटलंय का? तू तानपुरा लाव आणि बस. नुसती. समोर कोणी असल्याशिवाय आम्हाला सराव कसा होणार?"

"आणि मी शेवटपर्यंत नाहीच गायले तर?"

"तर आमचा सराव पक्का होईल."

तिची आई मोरीपाशी उभी होती. ती म्हणाली, "बसायचंच आहे ना नुसतं. जा की." प्रज्ञाने वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे बघत होते.

त्या रविवारी ती आली. तानपुरा जुळवला आणि तारा छेडत बसली. आम्ही समोर बसलो. पूर्ण तासभर तानपुरा वाजत राहिला आणि कोणी काही केलं नाही. मग ती उठली. आम्ही उठलो आणि एकेक करून तिला म्हणालो, "परत ये." ती ते ऐकून गोंधळली, कारण ती गायली तर नव्हती.

असे कितीतरी रविवार गेले. तुम्हाला हे गंमतीचं वाटेल, आणि होतंच. वरच्या मजल्यावर पार्सल घेऊन आलेल्या एका मुलाने आमच्याकडे पाहिलं, हेल्मेट काढलं आणि वॉचमनला हळूच विचारलं, "कौन गया?" वॉचमन म्हणाला, "कोई नहीं गया. गाना चालू है." तो मुलगा थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि मान हलवून निघून गेला.

माणसं कमी होत गेली. तिकीट तपासनीस म्हणाले, मास्तर, याला काही अर्थ आहे का? मास्तर म्हणाले, "तिची वेळ आहे ती. वापरायची की नाही ते ती ठरवेल. आपण आपली खुर्ची का सोडायची?" त्यानंतर ते तपासनीस परत आले नाहीत. नर्सबाई यायच्या, ड्यूटीवरून तशाच, कधी युनिफॉर्मवर. मी यायचे. आणि आजोबा सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पुन्हा कधी हलू नयेत म्हणून. तासभर तसेच. मी त्यांना घरी म्हटलं, अहो, या वयात रक्त थांबेल. म्हणाले, "थांबू दे."

मला त्या दिवसांत मास्तरांचं नवल वाटायचं ते याचं. मी शिस्तीची बाई आहे. वेळ दिली की काम झालं पाहिजे, असा माझा स्वभाव. या माणसाने कशाचीही वाट न पाहता वाट पाहिली. तोंडावर अपेक्षा नाही, उदारपणाचा आव नाही. दर रविवारी त्याच काळजीने खुर्च्यांच्या पायांना रबर घालायचे, बिजागरीला तेल द्यायचे, पंप बंद करायचे. जणू आज मैफल आहे. बसलेल्या मुलीकडे ते बघतही नसत. मागे भिंतीला टेकून आमच्याकडे बघत, परीक्षेच्या दिवशी बघितलं होतं तसेच. कोणी जांभई दिली, कोणी मनात दुसरीकडे गेलं, की त्यांना कळायचं. मग तो माणूस आपोआप परत यायचा. असं ऐकणं मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं.

एका रविवारी प्रज्ञा तारा छेडता छेडता थांबली. आजोबांकडे बघत होती. नियम मोडून म्हणाली, "आजोबा, हातांना मुंग्या येत नाहीत का?"

आजोबांनी घाबरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मानेने परवानगी दिली.

"येतात," आजोबा म्हणाले. "येऊ देत. फार आगाऊ आहेत."

तिला हसू फुटलं. ती हसत सुटली, पूर्वी हसायची तशी, तानपुऱ्यावर डोकं टेकून. नर्सबाईही हसल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी ती गायली नाही. पण जाताना प्रत्येकाच्या "परत ये" वर तिने पहिल्यांदा उत्तर दिलं. "येते."

पुढच्या रविवारी ऊन कडक होतं, आम्ही चारपाच जणंच. तिने तानपुरा लावला, डोळे मिटले आणि काही न सांगता खालचा सा लावला. आवाज अडखळत होता, इतक्या दिवसांचा गंज होता त्यावर. आम्ही हललो नाही. बाहेर जिन्यापाशी तिचे वडील उभे होते, त्यांनी कठडा धरल्याचं मला दिसलं. ती एकेक सूर चढत वर आली. आणि दाराशी थांबली.

तेवढ्यात फाटकाशी सेक्रेटरीची गाडी आली. आता हॉर्न वाजणार. गाडीत तो होता, शेजारी त्याची बायको, मागे बाजाराच्या पिशव्या. त्याने आत पाहिलं. सतरंजीवर मिटल्या डोळ्यांची मुलगी, समोर हात दाबून बसलेला म्हातारा, आणि कुठेच काही आवाज नाही. काय चाललंय हे त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. पण इतक्या वर्षांच्या भांडणात त्या माणसाच्या कानावर मास्तरांचे नियम पडून पडून कुठेतरी मुरले असावेत. त्याने इंजिन बंद केलं. तिथेच, भर उन्हात, नव्या गाडीसकट थांबून राहिला. बायको काही बोलायला गेली तर त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

प्रज्ञा थांबलेली होती. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, आणि ते पुसायला हात काढायची त्यांची हिंमत नव्हती. नर्सबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग मी मागे वळून मास्तरांना पाहिलं. ते आमच्याकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमच्यावरची नजर काढली होती. त्यांनी डोळे मिटले होते. आता आम्हाला तपासायची गरज नव्हती, म्हणून ते शेवटी ऐकत होते.

मग तो सूर आला.

ती पूर्ण गायली आणि उठून उभी राहिली. टाळ्या वाजवायला आता नियमाने परवानगी होती. कोणीच वाजवली नाही. नर्सबाई म्हणाल्या, परत ये. मी म्हटलं, परत ये. आजोबांची पाळी आली. त्यांनी मांड्यांखालून हात काढले, ते बधिर झालेले होते, ते दोन्ही तिच्या डोक्यावर ठेवले. मास्तर पंप चालू करायला गेले. फाटकातून सेक्रेटरी आत आला आणि नुसता म्हणाला, "मास्तर, झालं ना? लावू गाडी?"

"लाव," मास्तर म्हणाले. "आज इकरं सावलीत लाव."

आम्ही पुढे ठाण्याला राहायला आलो, लिफ्टसाठी. मंडळ डोंबिवलीत चालूच आहे. प्रज्ञा आता स्वतः शिकवते, कल्याणला तिने दुसरं मंडळ काढलंय, आणि तिच्याकडे शिकणारी मुलं आमच्या या नव्या घरी येऊन गातात. मास्तर मधे एकदा आमच्या इमारतीतून श्रोते निवडायला आले होते. अख्खा पाचवा मजला नापास करून गेले. पाचव्या मजल्यावर एक गायनाचार्य राहतात, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तर सई, तू वाजवताना मधेच थांबतेस, पुढचा स्वर शोधतेस, तेव्हा पडद्यावर मी अगदी हलत नाही. मागे तू "आजी, फ्रीज झालीस का" असं विचारलंस आणि निहारने फोन हलवून पाहिला. फोन चांगला आहे. मी तुझ्याबरोबर दाराशी थांबलेली असते. आणि तुझे आजोबा कॅमेऱ्यात नीट दिसत नाहीत, ते कुबड काढून बसल्यासारखे वाटतात, त्याचंही कारण आता तुला कळलं असेल. ते हात मांड्यांखाली घालून बसलेले असतात.

छान आहे की नाही ते तुझे शिक्षक सांगतील. आम्हाला एकच वाक्य येतं. प्रत्येक कॉलच्या शेवटी मी ते म्हणते, आणि तुम्हाला वाटतं म्हातारी भारतात यायचा आग्रह करते आहे. तोही आहेच त्यात. पण आधी ते तुझ्या वाजवण्यासाठी असतं.

परत ये.